केजीआधी क्लास लावायचा की घरीच?

आमचा पोरगा साडेतीन वर्षांचा असताना पुण्यातल्या पीएमपी बसवरची ‘कोथरूड डेपो’ ही पाटी वाचायचा. शेजारचे कौतुक करायचे. त्याच पोराला डब्याचं झाकण मात्र उघडता येत नव्हतं. तुमच्याकडेही असंच असेल, तर आमचा अनुभव उपयोगी पडावा. आम्ही दोन्ही करून पाहिलं.

फोनिक्स (इंग्रजी अक्षरांचे उच्चार) आणि वर्कशीटचा क्लास: घरात इंग्रजी बोललं जात नसेल, तर कानावर पडतं, परक्या बाईंचं ऐकायची सवय लागते. इतकं मान्य. पण ज्याला अक्षरं येतातच, त्याला पुन्हा तीच गिरवायला बसवतात. डोकं पळतं आणि हात मागे राहतो. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि चौथ्या वर्षापर्यंत त्यातली जेमतेम निम्मी कूर्चेतून हाड व्हायला लागलेली असतात. ओळीत ‘ए’ बसवताना आमचं पोर रडायचं. ‘इंटरव्ह्यूला लागेल’ हा धाकही क्लासवाले दाखवतात. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने मनाई आहे, हे तिथे कुणी सांगत नाही.

घर: मटार सोलणं, कणकेचे साप, कपड्यांना चिमटे लावणं. बोटांना याहून चांगला व्यायाम नाही आणि फी शून्य. गोष्टी हव्या तितक्या, त्याही मराठीत. रविवारी पेशवे उद्यानात फुलराणीच्या, म्हणजे मुलांच्या छोट्या आगगाडीच्या, रांगेत उभं राहायचं, आपला नंबर येईपर्यंत. केजीत वाट पाहणं अक्षरांइतकंच लागतं.

घराची खोट वेगळीच आहे. आजी सापशिडीत मुद्दाम हरते. एकुलतं एक, त्यात हुशार. सगळे त्याच्याच तालावर. समवयस्क पोरानं हातातली गाडी ओढली की काय करायचं, हे घरी शिकवताच येत नाही. त्यासाठी सकाळी दोन तासांचा साधा खेळवर्ग बरा: माती, पाणी, ठोकळे आणि पुरेशा ताई असलेला. बघायला जाल तेव्हा भिंतीवरचे तक्ते सोडा, बाथरूम बघा. शू झाल्याचं पोर कुणाला सांगणार, तेही विचारा.

‘हुशार आहे, एक वर्ष वरच्या वर्गात बसवा’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. महाराष्ट्रात नर्सरीला ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षं आणि पहिलीला ६ वर्षं पूर्ण लागतात. असं वर बसवलेलं पोर पहिलीच्या दारात अडकतं.

म्हणून माझं मत: सकाळी खेळवर्ग, दुपारनंतर घर. क्लास आम्ही तीन महिन्यांत सोडला. डब्याचं झाकण आता उघडतं. सापशिडीत हरला की सोंगट्या मात्र अजून सोफ्याखाली जातात.