ब्रेकचे होज पाइप बदलून आठ महिने झाले

गाडी 2012 ची, पेट्रोल हॅचबॅक. भांडुप ते अंधेरी, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने रोजचं जाणं-येणं. गेल्या मे महिन्यात पुढचे दोन्ही ब्रेक होज, म्हणजे चाकाच्या ब्रेकपर्यंत ब्रेक ऑइल नेणारे रबरी पाइप, बदलले. मध्ये अख्खा पावसाळा गेला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

बदलायच्या आधी पवईचे सिग्नल पार करून घरी पोचलो की डाव्या पुढच्या चाकाची रिम चटका बसेल इतकी तापलेली. गाडीही डावीकडे ओढायची. एका गॅरेजने कॅलिपरचं (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचं) किट टाकलं, पैसे घेतले, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. होजला त्यांनी हातही लावला नव्हता. वरवर बघून कळलंही नसतं म्हणा, पाइप चांगला काळाभोर दिसत होता.

पकडलं ते आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी. चाक जॅकवर घेतलं आणि मला दोन-तीनदा ब्रेक मारून सोडायला लावला. चाक जाम. कॅलिपरचं निपल, म्हणजे एअर काढायचा छोटा स्क्रू, जरासं ढिलं केलं तशी ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं. निपल आवळून पुन्हा ब्रेक मारला. या वेळी होजच्या वरचा, लोखंडी पाइपाकडचा जोड सैल केला. चाक जामच. "आतलं रबर फुगलंय. पाय दाबला की ऑइल जातं, परत यायला वाट नाही." मग स्टिअरिंग पूर्ण वळवून होज वाकवला, तेव्हा कुठे टोकाच्या धातूच्या कॉलरजवळच्या बारीक भेगा दिसल्या. काढल्यावर ब्लेडने उभा चिरून दाखवला. आतल्या भोकातून शिवणाची सुई जेमतेम गेली असती.

होज ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारातून आणले. दुखत होता डावाच, पण उजवाही तितकाच म्हातारा, म्हणून जोडीने बदलले. इथे माझी कंजुषी नडली: उजव्या बॅन्जो बोल्टाचे (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टाचे) तांब्याचे वायसर जुनेच चालवू म्हटलं. आठवड्यात तिथून ऑइल पाझरायला लागलं. परत खोला, परत एअर काढा. चिल्लर वाचवायला गेलो आणि अर्धा रविवार गेला. ब्रेक ऑइल डॉट 4 ग्रेडचं, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं तेच. ते गाडीचा रंग उचलतं, सांडलं की लगेच पाण्याने धुवा. माझ्या फेंडरवर एक डाग आहे.

तेव्हापासून दोन्ही रिम सारख्याच कोमट असतात. पेडल वरच लागतं. जुलैत एलबीएस रोडवर चाकं अर्धी बुडेपर्यंत पाणी होतं, त्यानंतरही गाडी सरळ थांबते. डिसेंबरात बोरघाट उतरताना एकदाही ओढली नाही. मायलेज किंचित वाढल्यासारखं वाटतं, पण ते मनाचेही खेळ असतील.

मागचे होज मात्र अजून कंपनीतून आले तेच आहेत. परवा टॉर्च मारून वाकवून बघितले. एकावर भेग आहे. वायसर या वेळी आधीच आणून ठेवलेत, चारही.