‘आजच पाणी, आजच मासे’: खाऱ्या पाण्याच्या पहिल्या टँकमध्ये लोक कसे फसवले जातात

डोंबिवलीतल्या एका कुटुंबाने एका विक्रेत्याकडून तीन फुटी मरीन टँक बसवून घेतला. दोन क्लाउनफिश, एक ब्लू टँग, चार डॅमसेल हे मासे आणि लिंबासारखा पिवळाधमक ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी), सगळं एकाच पॅकेजमध्ये. सकाळी काच आली, दुपारी पाणी भरलं, संध्याकाळी मासे सोडले. दोन आठवड्यांच्या आत टँग आणि दोन्ही क्लाउन मेले, ॲनिमोन विरघळून गेला आणि पाण्याला कुबट वास सुटला. विक्रेत्याचं म्हणणं, ‘तुमच्या पाण्यातच प्रॉब्लेम आहे.’ पाणी त्यानेच भरलं होतं. त्या टँकमधली एकेक वस्तू तपासल्यावर जे निघालं ते इथे मांडतो आहोत, कारण याच धर्तीचं पॅकेज मुंबई-पुण्यात आजही सर्रास विकलं जातं.

सगळ्यात मोठी लबाडी मिठात होती. बिलावर ‘इम्पोर्टेड मरीन सॉल्ट (लूज), १२ किलो’ असं लिहिलेलं, आणि प्रत्यक्षात पारदर्शक पिशवी, त्यावर ना नाव, ना बॅच नंबर. मुळात १२ किलोचा हिशोबच बसत नाही. ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरचा टँक काठोकाठ भरला तर १८२ लिटर, दगड-वाळू वजा जाता पाणी १५० लिटरच्या आसपास. चांगलं सॉल्ट मिक्स लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे साडेपाच किलो पुरे.

पण खरी गोम वजनात नव्हती. विक्रेत्याने रिफ्रॅक्टोमीटर लावून घरच्यांना १.०२५ (समुद्राच्या पाण्याइतकी घनता) रीडिंग दाखवलं होतं, त्यामुळे त्यांची खात्री पटली. रिफ्रॅक्टोमीटर पाण्यात एकूण किती क्षार आहेत तेवढंच सांगतो, कोणते आहेत ते सांगत नाही. मिठागरातलं खडे मीठ विरघळवलं तरी १.०२५ येतंच. या टँकच्या पाण्यात केएच (पीएच स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेटचं प्रमाण) ९ होता, म्हणजे अगदी व्यवस्थित. कॅल्शियम मात्र १०० पीपीएमच्या आसपास, जे ४०० ते ४५० हवं. मॅग्नेशियम २०० च्याही खाली, जे १२५० ते १३५० हवं. मिठागरात कॅल्शियमचा बराचसा भाग मीठ धरण्याआधीच खाली बसतो आणि मॅग्नेशियम शेवटच्या निवळीत राहून तिच्याबरोबर काढून टाकलं जातं. हाती उरतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. त्यात थोडा खायचा सोडा मिसळला की केएच वर येतो, आणि फक्त केएच तपासणारा गिऱ्हाईक निर्धास्त होतो. म्हणून लूज मीठ घेऊच नका. सीलबंद बादली किंवा पाकीट घ्या, एक लिटर पाण्यात ३६ ग्रॅम विरघळवून काही तास ढवळत ठेवा आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम दोन्ही मोजा. नुसत्या केएचवर भरवसा ठेवू नका.

‘खऱ्या समुद्राचं पाणी’ कॅनमधून आणून देणारेही भेटतात. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ असतो, पावसाळ्यात त्याची क्षारता घसरते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

मीठ मिसळण्याआधीचं गोडं पाणीही या घरात चुकीचं होतं. ते स्वयंपाकघरातल्या आर.ओ.चं होतं आणि टीडीएस ७० होता. पिण्यासाठीच्या बऱ्याच आर.ओ. मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, तो गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. पिण्यासाठी ते ठीक आहे. टँकसाठी मात्र आर.ओ.च्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) लावून टीडीएस शून्य करावा लागतो, नाहीतर नळाच्या पाण्यातले फॉस्फेट, सिलिकेट टँकमध्ये साठत जातात आणि काचेवर, वाळूवर तपकिरी-हिरवं शेवाळ माजतं. टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. पाणी कोणीही भरू दे, आधी त्यात मीटर बुडवा.

आता सायकल, म्हणजे माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे बॅक्टेरिया टँकमध्ये वाढवणं. विक्रेत्याने बॅक्टेरियाची एक बाटली ओतली आणि ‘सायकल झाली’ म्हणून सांगितलं. बाटलीवरची मूळ तारीख खरवडून वर स्टिकर चिकटवलेला होता. चांगल्या कंपनीचे, थंड जागी ठेवलेले जिवंत बॅक्टेरिया खरोखर उपयोगी पडतात, पण उन्हात तापलेल्या गोदामातली मुदत संपलेली बाटली म्हणजे गढूळ पाणीच. या टँकमध्ये अमोनियाच्या टेस्ट ट्यूबचा रंग पिवळ्याऐवजी गडद हिरवा आला. गोड्या पाण्याचा टँक ठेवलेल्यांना याचं गांभीर्य पटकन कळत नाही. पीएच ७ असताना अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८.२ ला तोच सात-आठ टक्क्यांवर जातो. तेवढाच अमोनिया खाऱ्या पाण्यात दहापटीहून जास्त घातक ठरतो.

चाचणी सोपी आहे आणि ती विक्रेत्याकडून करून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. १५० लिटर पाण्यात सुमारे एक ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड टाकलं की अमोनिया २ पीपीएमच्या जवळ जातो. २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर सायकल झाली. नाही आले तर थांबायचं. सहसा चार ते सहा आठवडे लागतात, आणि या धंद्यातली बहुतेक फसवणूक हे आठवडे गाळून टाकण्यावरच उभी आहे. ‘डॅमसेल टाका, त्यांच्यावर सायकल होईल’ हा सल्लाही मानू नका. ते मासे अमोनियात भाजतात, त्यातून वाचलेच तर टँकवर कब्जा करून पुढच्या प्रत्येक माशाला हाकलतात, आणि दगडांतून त्यांना पकडायचं तर सगळी मांडणी उपसावी लागते.

तो पिवळा ॲनिमोन रंगवलेला होता. ॲनिमोनच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याचं बरंचसं अन्न तेच पुरवतं, आणि त्याचा नेहमीचा तपकिरी-हिरवट रंगही त्याच्यामुळेच असतो. पकडताना आणि वाहतुकीत हाल झाले की ते शैवाल निघून जातं, प्राणी पांढराफटक पडतो, मग त्याला रंगात बुडवून विकतात. देठापासून टोकापर्यंत एकसारखा पिवळा, गुलाबी किंवा शाईसारखा निळा दिसला तर हात लावू नका. आणि निरोगी ॲनिमोनसुद्धा सहा महिने स्थिरावलेल्या टँकचा प्राणी आहे, पहिल्या दिवसाचा नाही. ब्लू टँगचंही तेच. छोटा असताना दोन इंची गोंडस दिसतो, पूर्ण वाढला की फूटभर होतो. तीन फुटी टँकमध्ये तो विकणं हीच फसवणूक आहे.

दगडांचा मामला थेट कायद्यापर्यंत जातो. ‘व्हाइट लाइव्ह रॉक’ (बॅक्टेरिया वसण्यासाठी टँकमध्ये ठेवायचा सच्छिद्र दगड) म्हणून दिलेले तुकडे मेलेल्या कठीण प्रवाळाचे सांगाडे होते. जवळून बघितलं की ओळखू येतात: पृष्ठभागावर एकाच मापाचे, ताऱ्यासारख्या रेघा असलेले बारीक खळगे ओळीने दिसतात, किंवा फांद्याफांद्यांची रचना असते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार कठीण प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्रघोडे आणि समुद्री काकड्या २००१ पासून संरक्षित आहेत. अनुसूची १ मधल्या जिवाच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे, आणि जवळ बाळगणाराही त्यात अडकतो. ‘माल बाहेरचा आहे’ असं विक्रेता म्हणाला तर आयातीची कागदपत्रं मागा. नाहीतर सच्छिद्र सिरॅमिक किंवा कृत्रिम दगड घ्या. बॅक्टेरियांना पृष्ठभाग लागतो, प्रवाळच लागतं असं नाही.

बिलात २०० वॉटचा हीटर होता, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नव्हता. टँकचं तापमान २४ ते २७ अंश हवं आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये बंद घरात पाणी ३२ च्या वर जातं. चिलर हा बहुधा सगळ्यात महागडा भाग, म्हणून कोटेशन स्वस्त दिसावं यासाठी तोच वगळतात. पंख्याच्या वाऱ्याने दोन-तीन अंश उतरतात, दमट हवेत त्याहून कमी, आणि उडालेल्या पाण्याच्या जागी नुसतं आर.ओ.-डीआय पाणी घालायचं असतं, खारं नाही. काचही ८ मिलिमीटर सांगून ६ ची लावलेली होती. उघड्या कडेला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला की कळतं. या मापाला आम्ही १० मिलिमीटरच सुचवतो.

मासा घेताना दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. सायनाइड वापरून पकडलेला मासा बाहेरून रंगीत, धडधाकट दिसू शकतो, पण बऱ्याचदा खात नाही आणि काही आठवड्यांत जातो. पहिल्या टँकसाठी बंदिस्त जागेत पैदास केलेले क्लाउन सगळ्यात बरे. त्यांच्या पैदाशीचं तंत्र भारतीय संशोधन संस्थांनी विकसित केलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचं कारणच नाही.

फसवणूक झालीच असेल तर टँक रिकामा करायची घाई करू नका. विक्रेत्याच्या पिशवीतलं पाव किलो मीठ सीलबंद बरणीत ठेवा, बाटलीवरच्या स्टिकरचे, दगडांचे आणि टेस्ट ट्यूबचे तारखेसह फोटो काढा, व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. यूपीआयने ॲडव्हान्स घेऊन मासे पाठवलेच नाहीत, तर लगेच १९३० वर फोन करा.

पुढचा टँक बसवताना पैसे तीन टप्प्यांत द्या: काच, स्टँड आणि गळती-चाचणीनंतर पहिला, मीठ-पाण्याचं रीडिंग बरोबर आल्यावर दुसरा, आणि अमोनियाची २४ तासांची चाचणी पास झाल्यावर तिसरा. माशांचं बिल वेगळं, आणि त्यानंतरच.