बाणेरचं इटालियन रेस्टॉरंट, पाच मित्र आणि न थांबणारा पास्ता

रेस्टॉरंटचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकतर खाली बऱ्याच तक्रारी आहेत, आणि तिथली पोरं आता ओळखीची झाली आहेत. पुण्यात बाणेरच्या बाजूला, रस्त्याकडे काच, आत उघडं स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात पिझ्झाची घुमटाकार भट्टी, एवढं पुरे. कॉलेजपासूनची आमची पाच जणांची टोळी गेल्या हिवाळ्यापासून जवळजवळ दर महिन्याला तिथे जाते. या काळात तिथला शेफ बदलला, मेन्यू आक्रसला, बिल वाढलं. ते सगळं धरून हा अनुभव.

आमचं टेबल म्हणजे कुठल्याही शेफची परीक्षा आहे. मी आणि निखिल सगळं खातो. अनघाला अंडं चालतं, मांस-मासे नाही. प्राचीला अंडंही नाही. हर्षल जैन, एरवी स्वतःला थोडी सवलत देतो, पण चातुर्मासात कांदा-लसूण-बटाटा पूर्ण बंद. अशा पाच जणांना एकाच टेबलावर जेवू घालणं सोपं नाही, आणि या बाबतीत मी त्यांना चांगले मार्क देईन. मात्र कसं मागवायचं हे आपल्याला कळलं पाहिजे.

पाच पास्ते एकदम मागवू नका, हे सगळ्यात आधी. आपला रस्सा गप्पांच्या नादात अर्धा तास राहिला तरी पुन्हा गरम केला की झालं. पास्त्याचं तसं नाही. काचो ए पेपेमध्ये चीज, मिरी आणि पास्ता उकळलेलं पिठाळ पाणी, एवढंच असतं. त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे चीज सॉससारखं गुळगुळीत राहतं, आणि गार होऊ लागलं की गोळा धरतं. कार्बोनाराला क्रीम नसतं, अंड्याचा बलक पास्त्याच्या उष्णतेवर जेमतेम शिजवलेला असतो. तो परत गरम केला की भुर्जी. आमच्याकडे आधी फोटो, मग 'तू थोडं घे, मला थोडं दे', मग निखिलचा ऑफिसातला किस्सा. तोवर प्लेटमधली सगळी मजा गेलेली असते.

म्हणून आता आम्ही एका वेळी दोनच पास्ते मागवतो, ते संपले की पुढचे. वेटरला आधीच सांगून ठेवतो, "दादा, एकदम आणू नका, एकेक करून येऊ द्या." पहिल्यांदा त्याला ते विचित्र वाटलं असावं, आता तोच विचारतो की पुढचं लावू का. इटलीतही पास्ता हा जेवणातला एक टप्पा असतो, त्यानंतर मांस-माशाचा पदार्थ येतो. माणशी ऐंशी ते शंभर ग्रॅम सुका पास्ता, एवढाच तिथला अंदाज. इथली प्लेट बघून "एवढंच?" असं प्राची अजूनही म्हणते. शेफ बदलल्यावर ती प्लेट आणखी थोडी लहान झाली, हे मात्र तिचं खरं आहे.

पिझ्झा या पद्धतीला आपोआप जुळतो. नेपल्सच्या पद्धतीत भट्टी साडेचारशे अंशांच्या आसपास तापवतात आणि पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर येतो. इथे एका वेळी दोनच पिझ्झे आत जातात, म्हणजे आपोआप एकेक येतो, गरम येतो, सगळ्यांच्या हातात एकेक तुकडा जातो आणि तो संपेपर्यंत दुसरा हजर. मधला भाग ओलसर, मऊ असतो. कुरकुरीत पिझ्झ्याची सवय असलेल्यांना तो कच्चा वाटेल, पण तो तसाच असायला हवा. कडेला काळे फोड दिसले की समजायचं भट्टी नीट तापली आहे. शनिवारी रात्री गर्दीत ते फोड दिसत नाहीत, कड पांढरटच राहते. भट्टीला श्वास घ्यायला वेळ मिळत नसावा. आठवड्याच्या मधल्या दिवशीचा मार्गेरिटा आणि शनिवारचा मार्गेरिटा यांत मला सरळ फरक जाणवतो.

आता शाकाहाराचा भाग, कारण यावर मेन्यूत काहीच लिहिलेलं नसतं. खरं पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे अस्सल पार्मेजान चीज, वासराच्या रेनेटशिवाय (दूध फाडायला लागणारं, वासराच्या पोटातून काढलेलं एन्झाइम) बनतच नाही, तसा इटलीतला नियमच आहे. पेकोरिनो रोमानो या मेंढीच्या दुधाच्या चीजला कोकराचं रेनेट. प्राचीने हे विचारलं तेव्हा मॅनेजरने थातुरमातुर उत्तर दिलं नाही, आत जाऊन पाकीट बघून आला. ते वापरतात ते भारतात बनलेलं, सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटचं चीज. मेन्यूवर मात्र पार्मेजान असंच छापलंय. चवीला ते थोडं सपक आहे, त्यात जुन्या चीजचा तो दाणेदार खारटपणा नाही. पण आमच्या पाचपैकी तिघांना निर्धास्त खाता येतं, तेव्हा मी कुरकुर करत नाही.

अंड्याचंही विचारून घ्या. तालियातेल्ले किंवा राव्हिओली असा ताजा पास्ता म्हणजे मैदा आणि अंडं. दक्षिण इटलीतला ओरेक्किएत्ते पास्ता फक्त रवाळ गव्हाचं पीठ आणि पाण्याचा, त्यात अंडं नसतं, आणि तो इथे सुंदर मिळतो. प्राचीचं दर वेळचं ठरलेलं. हर्षलचा चातुर्मास मात्र कठीण गेला. टोमॅटो सॉस सकाळीच मोठ्या पातेल्यात लसूण घालून तयार झालेला असतो, त्यातून लसूण काढता येत नाही. त्याला त्यांनी चेरी टोमॅटो, बेसिल आणि ऑलिव्ह तेलात वेगळा पास्ता करून दिला, जास्तीचे पैसे न घेता. नव्या शेफने तोच पदार्थ आता मेन्यूत घेतलाय, किंमत लावून!

'मॉडर्न' या नावाखाली जे येतं त्यातलं अर्धं सोडून द्यावं. बुराटावर ठेच्याचं तेल घालतात, हे ऐकून मी नाक मुरडलं होतं. पण थंड, दुधाळ चीजवर ते तिखट तेल झकास लागतं. फक्त बुराटा थेट फ्रीजमधून येतो. दहा मिनिटं टेबलावर तसाच ठेवा, मग कापा, आतलं क्रीम वाहायला लागेल. ट्रफल ऑइलचे फ्राइज मात्र पैसे वाया घालवणं आहे. अशा तेलात बहुतेकदा ट्रफल, म्हणजे ती महागडी बुरशी, नसतेच, प्रयोगशाळेत बनवलेला वास असतो, आणि तो वास घरी परतेपर्यंत बोटांना राहतो. रिसोट्टोचा, म्हणजे इटालियन मऊ भाताचा, नाद तर आम्ही सोडलाच. तो प्लेट हलवली की लाटेसारखा पसरायला हवा. इथे आधीच अर्धा शिजवून ठेवलेला असतो, ऑर्डर आली की पुरा करतात, आणि टेबलावर येईपर्यंत घट्ट होतो.

शेवटचं गोड म्हणजे तिरामिसु दोन प्रकारचं आहे, अंड्याचं आणि बिनअंड्याचं. नुसतं वरचं क्रीम बिनअंड्याचं असून भागत नाही, कारण आत कॉफीत भिजवलेली लांब बिस्किटं असतात त्यांतही अंडं असतं. इथे बिनअंड्याच्यात वेगळा स्पंज वापरतात, तेही आम्ही विचारून घेतलं. मला अंड्याचंच आवडतं. प्राची माझ्यासमोर दुसरं खाते आणि तेच जास्त चांगलं असल्याचं ठासून सांगते.

आवाज ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. सिमेंटची जमीन, काचेच्या भिंती, वर उघडं छत. नऊ वाजले की शेजारच्या टेबलावरचा वाढदिवस आपलाच वाटतो. मित्रांशी बोलायला जायचं असेल तर साडेसातचं टेबल घ्या, तेही भट्टीपासून दूरचं, मागच्या भिंतीला लागून. गाडी मात्र घरीच ठेवा. शनिवारी तिथे पार्किंग शोधण्यात अर्धी संध्याकाळ जाते.

दारू सोडून माणशी दीड हजाराच्या आसपास पडतात, चढ्या भुकेने गेलात तर अठराशे. जेवणावर पाच टक्के जीएसटी लागतो, तो ठीक. पण बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप आलेला असतो. २०२२ च्या जुलैपासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आहेत की तो बिलात परस्पर लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. अनघा दर वेळी शांतपणे सांगते, ते मुकाट काढून नवं बिल देतात. म्हणजे नियम त्यांना ठाऊक आहे, न विचारणाऱ्याकडून घेतात इतकंच. आम्ही ती रक्कम रोख टिप म्हणून टेबलावरच्या पोराच्या हातात देतो. बाकी हिशेब यूपीआयवर. पैसे भरतो निखिल, आणि त्याला आपला वाटा पाठवायला हर्षल चार दिवस लावतो. ती तक्रार रेस्टॉरंटवर टाकता येत नाही.

नव्या शेफच्या हाताला मीठ अजून एकसारखं पडत नाही, हे गेल्या दोन-तीन खेपांना जाणवलं. पहिला पास्ता येईल तो आधी चाखून बघा, खारट वाटला तर लगेच सांगा. कुरकुर न करता ते दुसरा करून आणतात.