योसेमिटीतील कायदारक्षक रेंजरांची सेवा : एक परीक्षण

कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तंबूतून पाकीट चोरीला गेले, कोणी दारू पिऊन गाडी चालवली, पायवाटेवर एखाद्याचा पाय मोडला किंवा अस्वलाने मोटारीचे दार उचकटले, तर या सर्व प्रसंगी धावून येणारा माणूस बहुधा एकाच खात्याचा असतो : राखाडी सदरा, हिरवी विजार आणि सपाट काठाची टोपी घातलेला, कमरेला पिस्तूल असलेला रेंजर. तेथील धबधबे, कडे आणि राहण्याच्या सोयी यांविषयी वाचायला पुष्कळ मिळते. प्रस्तुत परीक्षण मात्र या कायदारक्षक रेंजरांच्या सेवेचे आहे. कॅलिफोर्नियातल्याच फ्रीमॉन्ट शहरातून आम्ही अनेक वर्षे तेथे जात आहोत, बहुतेक वेळा भारतातून आलेली वडीलधारी मंडळी सोबत असतात, आणि माझे स्पष्ट मत असे झाले आहे की प्रवेशशुल्काच्या बदल्यात मिळणाऱ्या सर्व सोयींमध्ये ही सेवा सर्वांत मोलाची आहे, आणि तिच्यावर पडणारा भारही तितकाच मोठा आहे.

या सेवेचे स्वरूप प्रथम समजून घ्यावे लागते. योसेमिटीचा प्रदेश पूर्णपणे फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या अधिकारक्षेत्रात येत असल्यामुळे तेथील गुन्ह्यांचा तपास सहसा काउंटीचा शेरीफ (स्थानिक पोलीसप्रमुख) करत नाही, रेंजरच करतात. पकडलेल्या व्यक्तीला ठेवण्याची कोठडी उद्यानातल्या योसेमिटी खोऱ्यातच आहे आणि खटले ऐकणारे फेडरल दंडाधिकाऱ्यांचे न्यायालयही खोऱ्यातच आहे. गणवेश सारखा दिसत असला तरी सर्व रेंजर हे काम करत नाहीत. संध्याकाळी शेकोटीजवळ व्याख्यान देणारे, मुलांकडून ज्युनियर रेंजरची पुस्तिका पूर्ण करून घेऊन त्यांना शपथ देणारे आणि बिल्ला लावणारे रेंजर वेगळे. अटक करण्याचा, झडती घेण्याचा आणि शस्त्र बाळगण्याचा अधिकार असलेले रेंजर वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या रेंजरांना आज जे अधिकार आहेत त्यांची स्पष्ट तरतूद १९७६ च्या कायद्याने झाली. कायम पदावर नेमलेल्या रेंजरला जॉर्जिया राज्यातील ग्लिंको येथील फेडरल प्रशिक्षण केंद्रात काही महिने शिक्षण घ्यावे लागते आणि त्यानंतर अनुभवी अधिकाऱ्याच्या हाताखाली प्रत्यक्ष उद्यानात उमेदवारी करावी लागते. याशिवाय त्यांच्यापैकी बहुतेकांना आपत्कालीन वैद्यकीय मदतीचे प्रशिक्षण असते, आणि अनेकांना दोरखंडाच्या साहाय्याने कड्यावरून माणूस उतरवण्याचे आणि वणवा विझवण्याचेही.

बहुतेक पर्यटकांची या सेवेशी पहिली गाठ अन्नाच्या निमित्ताने पडते. अप्पर पाइन्स या तंबूंच्या तळावर आम्ही उतरलो तेव्हा अंधार पडण्याच्या सुमारास एक रेंजर प्रत्येक तंबूपाशी थांबत, मोटारींच्या काचांतून आत नजर टाकत फेरी घालत होते. आमच्या शेजारी आलेल्या मराठी कुटुंबाने चकल्यांचा डबा, लोणच्याची बरणी आणि दशम्या मोटारीच्या मागच्या बाजूला ठेवल्या होत्या, कारण अन्न म्हणजे शिजवलेले किंवा उघडे अन्न अशीच त्यांची समजूत होती. रेंजरांनी त्यांना वासाचा नियम सांगितला : अस्वलाला ज्याचा वास येतो ते सर्व अन्नच समजावे, मग ती टूथपेस्ट असो, सनस्क्रीन असो, बाळाचे ओले रुमाल असोत की उदबत्तीचा पुडा असो, अंधार पडल्यावर यांतले काहीही मोटारीत राहता कामा नये, सर्व काही प्रत्येक जागेवर बसवलेल्या लोखंडी पेटीत गेले पाहिजे आणि पेटीची कडी नीट लागली पाहिजे. दंड पाच हजार डॉलरपर्यंत होऊ शकतो हे त्यांनी सांगितले, पण सर्वांत शेवटी. आधी त्यांनी त्या घरातल्या आजींना कडी कशी लावायची हे स्वतः उघडून-लावून दाखवले, आजींकडून ती एकदा लावून घेतली आणि मगच पुढच्या तंबूकडे गेले. थोड्या वेळाने पुन्हा फेरी झाली तेव्हा त्यांनी टॉर्चच्या उजेडात तीच मोटार पुन्हा पाहिली. समजावून सांगणे आणि त्यानंतर पडताळून पाहणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली, याला मी उत्तम सेवा मानतो.

या आग्रहामागे अनुभव आहे. १९९८ मध्ये योसेमिटीत अस्वलांनी मोटारी फोडण्याच्या आणि तत्सम नुकसानीच्या दीड हजारांहून अधिक घटनांची नोंद झाली होती. माणसाच्या अन्नाला सोकावलेले अस्वल पुढे धीट होते, आणि धीट झालेल्या अस्वलाला शेवटी मारावे लागण्याची वेळ येते. लोखंडी पेट्या, रस्त्यांपासून दूरच्या रानवाटांवर सक्तीचे केलेले अस्वलरोधक डबे आणि रात्रीच्या गस्ती यांमुळे त्या घटना पुढील काळात फार मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. रस्त्याच्या कडेला लाल अस्वलाचे चित्र असलेल्या पाट्या दिसतात, त्या मोटारीखाली अस्वल सापडल्याच्या जागा आहेत. तेथे वेगमर्यादा मोडणाऱ्या मोटारीला रेंजर थांबवतात तेव्हा अनेकांना ते अकारण वाटते. ती पाटी डोळ्यांसमोर असताना तसे वाटू नये.

दुसरा अनुभव अधिक जवळचा आहे. एका उन्हाळ्यात नागपूरहून आलेल्या माझ्या मामांना घेऊन आम्ही खोऱ्यातल्या हॅपी आइल्सहून मिस्ट ट्रेल या पायवाटेने निघालो. व्हर्नल फॉल या धबधब्याखालच्या पुलापर्यंतचे अंतर जेमतेम सव्वा किलोमीटर आहे. पण तेवढ्यात सुमारे चारशे फूट चढावे लागते, आणि सकाळी रक्तदाबाची गोळी घेऊन पाणी मात्र पुरेसे न प्यायलेल्या माणसाला ते जड जाते. पुलापाशी मामांना घेरी आली आणि ते कठड्याला टेकून खाली बसले. कोणीतरी ९११ या आपत्कालीन क्रमांकावर कळवले. ज्या आल्या त्या कायदारक्षक रेंजर होत्या. कमरेच्या पट्ट्यावर पिस्तूल आणि बेड्या, पाठीवर औषधोपचाराची मोठी पिशवी. पिस्तूल पाहून मामा आधी बिचकले. ते त्या बाईंच्या लक्षात आले असावे, कारण त्या लगेच जमिनीवर गुडघे टेकून त्यांच्या उंचीला आल्या आणि पहिला प्रश्न त्यांनी मला न विचारता थेट मामांना विचारला, मग माझ्याकडे पाहून मला भाषांतर करायला सांगितले. नाडी आणि रक्तदाब पाहिला, कोणत्या गोळ्या चालू आहेत हे गोळ्यांचे पाकीट हातात घेऊन वाचले, छातीत दुखते का हे वेगवेगळ्या शब्दांत तीनदा विचारले. नागपूरकरांना उन्हाची सवय असते असे मामांनी मला सांगायला लावले, तेव्हा त्यांनी ते हसून मान्य केले आणि पाण्याची बाटली त्यांच्या हातात ठेवली.

एवढ्यात त्यांच्या खांद्यावरचा रेडिओ बोलू लागला. वर धबधब्याच्या माथ्यावर कोणीतरी कठड्यापलीकडे गेले होते. मामांची प्रकृती स्थिर आहे याची खात्री करून, त्यांना शोध-बचाव पथकाच्या स्वयंसेवकांकडे सोपवून आणि खाली उतरताना कोठे कोठे थांबायचे हे सांगून त्या वरच्या दगडी पायऱ्यांकडे वळल्या. त्या वाटेवर अशा सहाशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि धबधब्याच्या तुषारांनी त्या ओल्या असतात. परिचारिकेचे काम संपवून पोलिसाच्या कामाला निघायला त्यांना काही मिनिटांचाही अवधी मिळाला नव्हता. या सेवेची खरी गुणवत्ता मला तेथे दिसली, आणि तिची मर्यादाही तेथेच दिसली : हे सारे एकाच माणसावर अवलंबून होते.

ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असण्याला इतिहास आहे. १८९० मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा ते सांभाळायला रेंजर नव्हते, म्हणून १८९१ पासून उन्हाळ्यात घोडदळ पाठवले जाऊ लागले. १८९९, १९०३ आणि १९०४ मध्ये हे काम कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्यांनी केले. उंचावरची कुरणे मेंढ्यांच्या कळपांनी साफ होत होती, परंतु कळप घुसवणाऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकार सैनिकांना कायद्याने दिलेला नव्हता. त्यावर त्यांनी मार्ग काढला तो असा की मेंढपाळांना उद्यानाच्या एका सीमेबाहेर नेऊन सोडायचे आणि मेंढ्या दूरच्या दुसऱ्या सीमेबाहेर हाकलायच्या. डोंगर ओलांडून मेंढपाळ तेथे पोहोचेपर्यंत कळप पांगलेला असे. हाताशी जे आहे त्यातून वाट काढायची ही रीत आजच्या रेंजरांच्या कामातही टिकून आहे. फरक एवढाच की आता त्यांच्यामागे कायद्याचे बळ आहे.

मनुष्यबळ मात्र पुरेसे आहे असे म्हणता येणार नाही. सुमारे ३,००० चौरस किलोमीटरचा डोंगराळ प्रदेश, त्यातला ९० टक्क्यांहून अधिक भाग रस्ता नसलेले रान, आणि वर्षाला सुमारे चाळीस लाख पर्यटक. खोऱ्याबाहेर मोबाईलचे जाळे विरळ आहे, उद्यानाच्या उंच भागातून जाणारा टायोगाचा रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो, आणि दूरच्या वाटेवर अपघात झाला तर मदत पोहोचायला कित्येक तास लागू शकतात. अनेक रेंजर हंगामी असतात. उद्यानातल्या सरकारी घरात राहणाऱ्यांना त्या घराचे भाडे भरावे लागते. हे काम जिवावर बेतणारेही आहे. १ जानेवारी २०१२ रोजी वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर उद्यानात मार्गारेट अँडरसन या रेंजरने पळून जाणारी मोटार अडवण्यासाठी आपले वाहन रस्त्यात आडवे घातले आणि त्या मोटारीतील सशस्त्र माणसाने त्यांना गोळ्या घातल्या. वर बर्फात खेळायला आलेल्या पर्यटकांची गर्दी होती आणि तो माणूस त्यांच्यापर्यंत पोहोचू शकला नाही. रेंजरने मोटार थांबवली की कपाळाला आठ्या घालणाऱ्या आपल्या लोकांना मी ही घटना आवर्जून सांगतो.

विदर्भात वाढलेल्या माणसाला येथे ताडोबाची आठवण होणे साहजिक आहे. गाभा आणि बफर मिळून सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरच्या त्या व्याघ्र प्रकल्पात वनरक्षक पायी गस्त घालतात, तेही वाघांच्या राज्यात आणि बहुतेक वेळा हातात काठी घेऊन. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वनखात्याकडे तपासाचे आणि अटकेचे अधिकार आहेत, पण चोरी, मारामारी, रस्त्यावरचा अपघात यांसाठी पोलीस ठाण्याकडेच जावे लागते, आणि जखमी पर्यटकावर उपचार करणे हे वनरक्षकाचे नेमून दिलेले काम नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात वाघांच्या गणनेचे काम चालू असताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. आपल्या वनरक्षकांचे धैर्य योसेमिटीच्या रेंजरांपेक्षा तसूभरही कमी नाही. त्यांना वैद्यकीय प्रशिक्षण, चांगले रेडिओ आणि तातडीने मिळणारी कुमक द्यायला हवी, असे मला योसेमिटीत प्रत्येक वेळी तीव्रतेने वाटते.

वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी नमूद करतो. शोध आणि बचाव यांचे पैसे राष्ट्रीय उद्यान सेवा सहसा घेत नाही, परंतु रुग्णवाहिका, वैद्यकीय हेलिकॉप्टर आणि रुग्णालय यांचे बिल रुग्णाला येते. म्हणून भारतातून येणाऱ्यांचा प्रवास विमा असल्याशिवाय त्यांना डोंगरवाटेवर नेऊ नये. त्यांच्या औषधांची यादी इंग्रजीत लिहून खिशात ठेवावी. दंडाची पावती मिळाली तर रेंजरशी रस्त्यावर वाद घालू नये. पावतीत नमूद केलेली रक्कम भरता येते किंवा ती मान्य नसेल तर दंडाधिकाऱ्यांसमोर म्हणणे मांडता येते, मात्र तिकडे दुर्लक्ष केले तर प्रकरण वाढते. ड्रोन उडवण्यास बंदी आहे. हाफ डोम या खडकाळ शिखरावर पोलादी दोरांच्या आधाराने चढणाऱ्या वाटेसाठी सोडतीने परवाना मिळतो आणि दिवसाला ३०० पेक्षा जास्त लोकांना तो दिला जात नाही. वाटेत रेंजर तो तपासतात, तेव्हा परवाना नसेल तर वर जाण्याचा प्रयत्न करू नये. अस्वलापासून किमान ५० यार्डांचे अंतर ठेवावे. प्रवेशशुल्क मोटारीमागे ३५ डॉलर आहे. २०२६ पासून योसेमिटीसह अकरा उद्यानांत १६ वर्षे आणि त्यावरील परदेशी पाहुण्यांना प्रत्येकी १०० डॉलरचा अधिभार लागू झाला आहे, त्यामुळे आई-वडील किंवा सासू-सासरे भारतातून येणार असतील तर तो खर्च आधीच हिशेबात धरावा.

अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांपैकी कोणाला या कामाची ओढ वाटत असेल तर त्यांना परावृत्त करू नये अशी माझी पालकांना विनंती आहे. कायम पदासाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागते, पहिली नेमणूक सर्वसाधारणपणे वयाची ३७ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी व्हावी लागते, आणि ५७ व्या वर्षी निवृत्ती सक्तीची आहे. काही महाविद्यालयांत चालणारे हंगामी रेंजरांचे कायदा-प्रशिक्षण पूर्ण करून उन्हाळ्यापुरती नेमणूक मिळवता येते, आणि अनेक जणांची या सेवेतली सुरुवात तेथूनच झालेली असते.