सिनॅप्स, संपर्कस्थान की चेतासंधी?

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि आता अकरावी सायन्स, मग दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या जागेसाठी वहीत कोणता शब्द लिहायचा? नौपाड्यातल्या आमच्या क्लासमध्ये पालक हे हमखास विचारतात.

मुळात ‘सिनॅप्स’ हा शब्द ठरला तेव्हाही खल झालाच होता. १८९७ साली मायकेल फॉस्टर यांच्या शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. त्यातला मज्जासंस्थेचा भाग चार्ल्स शेरिंग्टन लिहीत होते आणि एक चेतापेशी दुसरीला भेटते त्या जागेला त्यांना नाव हवं होतं. त्यांनी ‘सिंडेस्म’ सुचवलं, म्हणजे बंध. फॉस्टरनी केंब्रिजमधले आपले मित्र, ग्रीकचे पंडित व्हेरॉल यांना विचारलं. त्यांनी ‘घट्ट धरणं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘सिनॅप्स’ काढून दिला. तो पसंत पडायचं कारण अगदी व्यवहारी होतं: त्यावरून ‘सिनॅप्टिक’ असं विशेषण चांगलं बनत होतं.

तीच कसोटी आपणही लावावी. अकरावी-बारावीत ‘प्री-सिनॅप्टिक’, ‘पोस्ट-सिनॅप्टिक’ (सिनॅप्सच्या अलीकडचं, पलीकडचं) पदोपदी येतं. चेतासंधीचं ‘संधिपूर्व’ केलं, की मुलांना आधी व्याकरणाचा तास आठवतो, मग आजीचा संधिवात. शिवाय संधी म्हणजे सांधा. आमच्याकडच्या एका मॉडेलवर ‘चेतासंधी’ हेच लेबल होतं आणि थर्माकोलचे दोन्ही गोळे गोंदाने पक्के चिकटवलेले! रासायनिक सिनॅप्समध्ये मधे साधारण २० नॅनोमीटरची फट असते. एका मिलिमीटरमध्ये अशा ५० हजार मावतील. ती १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसली. शेरिंग्टनना ती डोळ्यांनी पाहायची सोय नव्हती. संदेश फट ओलांडतो तो रसायनाच्या रूपात. ते गोळे शेवटी ब्लेडने सोडवले.

संपर्कस्थान मला यापेक्षा उजवा वाटतो. मराठीत संपर्क साधायला अंगाला अंग लागावं लागत नाही, फोनवरूनही साधतो. त्यामुळे फट असली तरी शब्द खोटा पडत नाही. विशेषणाच्या कसोटीवर मात्र तोही अडखळतो. ‘संपर्कस्थानपूर्व पटल’ एकदा मोठ्याने म्हणून बघा.

तेव्हा नववी-दहावीला, प्रदर्शनाच्या तक्त्यावर, घरी समजावताना संपर्कस्थान. अकरावीपासून सिनॅप्स, देवनागरीत लिहिला तरी चालेल. पहिल्या पानावर शेजारी एकदा संपर्कस्थान लिहून ठेवावं. ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा मराठीतून देणार असाल तरी हेच करा, कारण त्या प्रश्नपत्रिकेत इंग्रजी मजकूरही सोबत छापलेला असतो.