राज्यशास्त्राच्या पीएचडी अर्जांसाठी घेतलेली मार्गदर्शन सेवा

अमेरिकेतील विद्यापीठांत राज्यशास्त्राच्या पीएचडीसाठी अर्ज करताना मी एका खासगी मार्गदर्शन सेवेची मदत घेतली. स्टेटमेंट ऑफ पर्पजचे (कशावर आणि का संशोधन करायचे, हे सांगणाऱ्या निवेदनाचे) संपादन, विभागांची निवड आणि रायटिंग सॅम्पलवर (अर्जासोबत जोडायच्या स्वतःच्या संशोधनपर लेखनाच्या नमुन्यावर) अभिप्राय, अशी तीन कामे तिच्यात होती. पहिल्या कामासाठी मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन. दुसऱ्यासाठी मुळीच नाही.

माझा पहिला मसुदा ‘शाळेत असल्यापासून मला राजकारणाची आवड आहे’ या वाक्याने सुरू होत होता. तुलनात्मक राजकारणात स्वतः पीएचडी केलेल्या संपादक बाईंनी ते खोडले आणि समासात एवढेच लिहिले, ‘तुम्हाला कोणते कोडे सुटत नाही, ते सांगा.’ त्या शेऱ्यावर माझे दोन आठवडे गेले, पण अखेर पहिल्याच परिच्छेदात प्रश्न उतरला: आघाडी सरकार पडल्यावर लहान घटक पक्षांचे मतदार काही ठिकाणी मोठ्या पक्षाकडे वळतात आणि काही ठिकाणी जागचे हलत नाहीत, असे का? त्यामागोमाग कोणती आकडेवारी लागेल, हेही आपोआप लिहून झाले. प्रवेश समितीला अर्जदार संशोधक म्हणून दिसतो तो इथेच, असे माझे ठाम मत आहे.

विभागांची यादी मात्र केवळ क्रमवारी पाहून केलेली होती. तिच्यातील एका विभागात पक्ष आणि निवडणुका या विषयावरचे एकमेव प्राध्यापक निवृत्त झालेले निघाले. विभागाचे संकेतस्थळ उघडले असते तरी हे कळले असते. स्टायपेंड, म्हणजे विद्यापीठाकडून मिणारा निर्वाहभत्ता, नऊ महिन्यांचा असतो की बाराही महिन्यांचा, उन्हाळ्यात काय, आणि आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावावर १५ एप्रिलपर्यंत विचार करण्याची मुभा बहुतेक विद्यापीठे देतात, यांपैकी एकही गोष्ट मला सांगण्यात आली नाही. माझ्यासारख्या, घरून पैसे येणार नसलेल्या विद्यार्थ्याला हीच माहिती सर्वांत जास्त हवी असते.

रायटिंग सॅम्पलवरचा अभिप्राय चांगला होता, पण डिसेंबरमधील पहिल्या मुदतीच्या तीनच दिवस आधी हाती आला.

पैसे भरण्यापूर्वी आपला मसुदा कोण वाचणार आणि त्या व्यक्तीची उपशाखा कोणती, हे लेखी विचारून घ्यावे. राजकीय सिद्धांतासाठी, म्हणजे जिथे आकडेवारीने तपासायचे गृहीतक सहसा नसतेच अशा उपशाखेसाठी, अर्ज करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा मसुदा याच सेवेत अर्थशास्त्राच्या पदवीधराकडे गेला, आणि ‘गृहीतक कुठे आहे?’ असा शेरा घेऊन परत आला.