उजनीच्या आधीची भीमा, घरबसल्या

बोअरच्या जागा बघून देणं हा माझा धंदा, त्यामुळे धरणाआधीची भीमा बघायची हौस जुनीच. उजनी १९८० मध्ये पुरं झालं. त्याआधीची काठची जमीन मला सापडली अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या 'अर्थएक्सप्लोरर' साइटवर. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या 'कोरोना' नावाच्या हेरउपग्रहांनी काढलेले फोटो १९९५ मध्ये खुले झाले, ते इथंच मिळतात.

खातं उघडायचं, नकाशावर चौकट टाकायची, की फ्रेमची यादी येते. आधीच स्कॅन झालेली फ्रेम फुकट. नसेल तर एका फ्रेमला ३० डॉलर. पण ढग बघून घ्या बरं का, नाहीतर पैसे देऊन कापूस विकत घ्याल!

कॅमेरा झुलत पट्टीभर टिपायचा, म्हणून कडा ताणलेल्या येतात. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आजच्या नकाशाशी खुणा जुळवून फोटो बसवावा लागतो. मी सोलापूरच्या भुईकोटाचे कोपरे आणि हिप्परग्याच्या तलावाचा बांध धरला. बांध १८७१ चा, जागचा हललेला नाही. नदीचं जुनं पात्र, वाळूचे पट्टे, गाडीवाटा, सगळं स्वच्छ उमटतं.

बोअरचा पॉइंट मात्र यातून काढू नका. खडकाच्या नकाशासाठी आपल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं 'भूकोश' बघा.